टांचेंतील रक्ताचा थेंब

मूल जन्मल्यावर पांचव्या-सहाव्या रात्रीं सटवाई येते आणि त्याच्या कपाळीं त्याचें प्राक्तन लिहून जाते, अशी महाराष्ट्रांतील जुनी समजूत आहे. तिला लिहावयास अडचण पडूं नये म्हणून पाटावर कोरा कागद व लेखणी मांडून ठेवण्याची चाल कित्येक घरांत आजही पाळली जाते. जगांतील पुष्कळ देशांच्या प्रसूतिगृहांत सटवाई येण्याच्या आधींच, म्हणजे मूल दोन-तीन दिवसांचें असतांना, दुसराच एक कागद त्याच्याजवळ येतो. परिचारिका बाळाची टांच ऊन फडक्यानें शेकते, टांचेच्या कडेला बारीकशी टोंचणी करते आणि वर येणारा रक्ताचा थेंब जाड टीपकागदावर छापलेल्या वर्तुळांत टिपून घेते. असे चार-पांच थेंब झाले कीं कागद वाळवून, त्यावर मातेचें नांव व जन्माची वेळ लिहून, तो प्रयोगशाळेकडे रवाना होतो. बाळ क्षणभर रडतें आणि आईच्या कुशींत गेल्यावर विसरून जातें. त्या कागदाचें पुढें काय झालें हें पुष्कळ मातांस कधीं कळतही नाहीं. कांहीं न कळविणें हीच सर्व ठीक असल्याची खूण, असा अनेक ठिकाणचा रिवाज आहे.

या साध्या दिसणाऱ्या परीक्षेंत एक विलक्षण गोष्ट आहे. वैद्याची गरज रोग्यास, असें मनुष्यजात हजारों वर्षें धरून चालली होती. येथें मात्र जें मूल दूध ओढतें, हातपाय हालवितें, ज्याचा वर्ण चांगला आहे व ज्याच्या आईबापांची कांहींएक तक्रार नाहीं, अशा मुलाची परीक्षा करावयाची असते. आणि तीही एकाची नव्हे, झाडून सर्वांची. दहा हजारांतील एखाद्या मुलासाठीं बाकीच्या सर्वांस टोंचावें, हा विचार प्रथम ज्यांनीं मांडला त्यांस लोकांनीं सहजासहजीं मान्यता दिली नाहीं. तो विचार कसा जन्मला आणि त्याची किंमत कोणी दिली, ही हकीकत सांगण्यासारखी आहे.

मुळांत प्रसूतिगृह ही जागाच एके काळीं भीतीची होती. व्हिएन्ना येथील सार्वजनिक रुग्णालयांत १८४६ सालीं, वैद्यकाचे विद्यार्थी जेथें शिकत त्या विभागांत, दर शंभर बाळंतिणींपैकीं अकराहून अधिक दगावल्या, आणि त्यांतील बहुतेक सूतिकाज्वरानें. शेजारीं सुइणी शिकत त्या विभागांत हें प्रमाण शेंकडा तीनांच्या आंत होतें. विद्यार्थी शवविच्छेदन करून तसेच बाळंतिणींस तपासावयास येतात, हें इग्नाझ सेमेलवाइस याच्या ध्यानांत आलें आणि १८४७ सालीं त्यानें क्लोरीनयुक्त चुन्याच्या पाण्यानें हात धुण्याची सक्ती केली. मृत्यूंचें प्रमाण झपाट्यानें उतरलें. वरिष्ठांनीं मात्र त्याचें म्हणणें मानलें नाहीं. १८६५ सालीं वेड्यांच्या इस्पितळांत त्याचा अंत झाला. पुढें लायप्झिग येथें कार्ल क्रेडे याने १८८० च्या सुमारास नवजात अर्भकांच्या डोळ्यांत सिल्व्हर नायट्रेटचा थेंब घालण्याची वहिवाट पाडली आणि असंख्य मुलांची दृष्टि वांचविली. या दोघांच्या कामामुळें प्रसूतिगृहांत जाणें हळूहळू सुरक्षित झालें आणि बाळंतपणें घरांतून रुग्णालयांत येऊं लागलीं. १९५० च्या सुमारास अमेरिकेंतील दहांपैकीं जवळजवळ नऊ मुलें रुग्णालयांत जन्मत होतीं.

इतकीं मुलें एका छपराखालीं जन्मूं लागलीं, तरी त्यांजकडे पाहण्याची कांहीं रीत अशी नव्हती. मूल बाहेर आलें कीं सर्वांचें लक्ष बाळंतिणीकडे. निळसर पडलेलें, नीट श्वास न घेणारें मूल पुष्कळदां तसेंच राहून जाई. हें ज्यांस खुपलें त्या व्हर्जिनिया ॲपगार न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठांत भूल देण्याचें काम करीत. त्यांस खरें म्हणजे शस्त्रवैद्य व्हावयाचें होतें. परंतु स्त्रीस त्या धंद्यांत पोट भरतां येणार नाहीं असें सांगून त्यांच्या वरिष्ठांनीं त्यांस भुलीच्या शास्त्राकडे वळविलें. अर्भकांचा त्यांत अनपेक्षित लाभ झाला असें म्हटलें पाहिजे. १९४९ सालीं एका विद्यार्थ्यानें न्याहारीच्या वेळीं त्यांस विचारलें कीं, नुकत्या जन्मलेल्या मुलाची प्रकृति मोजावी कशी? बाईंनीं हाताशीं सांपडलेल्या एका चिटोऱ्यावर पांच गोष्टी लिहून काढल्या: हृदयाचे ठोके, श्वास, स्नायूंचा ताण, चाळवलें असतां मिळणारा प्रतिसाद आणि अंगाचा वर्ण. प्रत्येकीस शून्य, एक किंवा दोन गुण, एकूण दहा. जन्मानंतर एका मिनिटानें परिचारिकेनें मुलाकडे पाहून हे गुण मांडावयाचे. १९५३ सालीं ही रीत छापून प्रसिद्ध झाली आणि थोड्याच वर्षांत जगभर पसरली. कोणतेंही यंत्र नाहीं, खर्च नाहीं. पण गुण मांडावयाचे म्हटल्यावर मुलाकडे पाहणें भाग पडलें, आणि पाहिल्यावर उपाय करणेंही भाग पडलें.

ॲपगारबाईंच्या गुणांस एक मर्यादा होती. डोळ्यांस दिसतें व हातास लागतें तेवढेंच त्यांत धरलेलें होतें. दहापैकीं दहा गुण मिळविणारें मूलही आपल्या रक्तांत काय घेऊन आलें आहे, हें त्यावरून कळण्यासारखें नव्हतें. तें कळण्याचा मार्ग दुसऱ्याच एका देशांत, पंधरा वर्षें आधीं, एका आईच्या हट्टामुळें उघडला होता.

१९३४ सालीं नॉर्वेची राजधानी ऑस्लो येथें ही आई आपल्या दोन मुलांची कहाणी घेऊन डॉक्टर आस्ब्यर्न फोलिंग यांजकडे आली. मुलगी सहा वर्षांची, मुलगा चार वर्षांचा. जन्मतः दोघेंही निरोगी दिसत होतीं. पण मुलगी तीन वर्षांची होईतों बोलेना. आणि मुलाची गत तीहून वाईट, त्यास धड चालतां येत नव्हतें कीं बोलतां येत नव्हतें. आईनें एकामागून एक डॉक्टर पालथे घातले होते. मुलांच्या अंगाला व लघवीला एक चमत्कारिक कुबट वास येतो, हें ती प्रत्येकास सांगे आणि प्रत्येक जण तें ऐकून सोडून देई. आईच्या नाकाला जें कळलें होतें तें विद्वानांस कळावयास इतका वेळ लागावा, हें या इतिहासांतील एक शल्य आहे.

फोलिंग हे आधीं रसायनशास्त्र शिकून मग वैद्यकाकडे वळलेले. त्यांनीं मुलांची लघवी मागवून घेतली आणि नेहमींच्या रीतीनें तींत फेरिक क्लोराइड घातलें. या परीक्षेंत रंग पालटला तर तो तांबूस व्हावयाचा. येथें तो गडद हिरवा झाला. असा रंग त्यांनीं पूर्वीं कधीं पाहिला नव्हता. एखाद्या औषधाचा हा परिणाम असेल म्हणून त्यांनीं आठवडाभर सर्व औषधें बंद करावयास सांगितलीं. तरी रंग हिरवाच. मग त्या आईनें कित्येक दिवस लघवी सांठवून आणून दिली. सुमारें २२ लिटर झाली म्हणतात. तींतून फोलिंग यांनीं एक द्रव्य शुद्ध करून काढलें व तें फेनिलपायरुव्हिक आम्ल आहे असें सिद्ध केलें. मतिमंदांच्या संस्थांतील ४३० जणांची लघवी त्यांनीं त्याच रीतीनें तपासली, तींत आणखी आठ जण तसेच निघाले. पुढें या रोगास फेनिलकीटोन्यूरिया असें नांव पडलें. ज्या दोन मुलांमुळें तो उजेडांत आला त्यांस या शोधाचा कांहीं उपयोग झाला नाहीं. मेंदूची हानि केव्हांच होऊन गेली होती.

ती हानि होते कशी, हें समजून घेतल्याखेरीज पुढील धडपडीचें मर्म कळणार नाहीं. दूध, डाळ, अंडें, मांस, कोणतेंही प्रथिन घेतलें तरी त्यांत फेनिलॲलानिन नांवाचा घटक असतो. निरोगी शरीरांत यकृतांतील एक एन्झाइम त्याचें रूपांतर करून टाकतें. या रोग्यांत तें एन्झाइम जन्मतः काम करीत नाहीं. आईच्या व बापाच्या अशा दोघांच्याही बीजांत दोष असेल तरच तो मुलांत प्रगट होतो. आईबाप स्वतः ठणठणीत असतात. पोटांत असेपर्यंत मुलाच्या रक्तांतील हा घटक आईचें शरीर आवरून धरतें, म्हणून मूल जन्मतें तें निर्दोष. जन्मानंतर तें दूध पिऊं लागतें आणि पहिल्या घोटापासून तो घटक त्याच्या रक्तांत सांचूं लागतो. ज्या दुधानें मुलाचें पोषण व्हावयाचें त्याच दुधानें त्याचा मेंदू दिवसेंदिवस झिजतो, आणि आई त्यास अधिकच मायेनें पाजीत असते.

मग तो घटक काढून टाकलेलें अन्न दिलें तर? हा प्रश्न इंग्लंडांतील बर्मिंगहॅम येथील बालरुग्णालयांत १९५१ सालीं एका आईनें लावून धरला. तिची मुलगी जेमतेम दीड-दोन वर्षांची. बसतां येत नव्हतें, सारखी रडे व डोकें आपटी. रोगाचें निदान झालें होतें, पण उपाय नाहीं असें डॉक्टरांनीं सांगितलें होतें. ती बाई रोज सकाळीं प्रयोगशाळेच्या दाराशीं येऊन उभी राही आणि आपल्या मुलीसाठीं कांहींतरी शोधा म्हणून डॉक्टर होर्स्ट बिकेल यांस विनवी. अखेरीस बिकेल, त्यांचे सहकारी जॉन जेरार्ड व रसायनज्ञ एव्हेलिन हिकमन्स यांनीं लंडनच्या लुई वुल्फ यांच्या सल्ल्यावरून, दुधांतील प्रथिनाचे घटक वेगळे करून व कोळशाच्या भुकटीतून गाळून, फेनिलॲलानिन नसलेलें एक खाद्य तयार केलें. कांहीं महिन्यांत मुलगी रांगूं लागली, धरून उभी राहूं लागली, तिचें रडणें थांबलें. हा गुण खाद्याचाच कीं आपोआप आलेला, याची खात्री करण्यासाठीं डॉक्टरांनीं आईस न सांगतां खाद्यांत तो घटक पुन्हा मिसळला. एका दिवसांत मुलगी इतकी बिघडली कीं, दहा महिन्यांत कमावलेलें सर्व गेलें म्हणून आईच धांवत आली. शास्त्राच्या दृष्टीनें पुरावा निर्णायक होता. आईच्या दृष्टीनें त्याचें वर्णन दुसऱ्या शब्दांत करावें लागेल.

उपाय सांपडला, पण त्यानें एक नवाच प्रश्न उभा केला. वर्ष-दीड वर्षानें, मूल मागें पडलेलें दिसल्यावर, खाद्य बदलून गेलेली बुद्धि परत येत नाहीं. तें पहिल्या कांहीं आठवड्यांतच बदललें पाहिजे. आणि त्या वेळीं तर मूल सर्वांस निरोगी दिसत असतें. १९५७ सालीं कॅलिफोर्नियांतील डॉक्टर विलर्ड सेंटरवॉल यांनीं बाळाच्या ओल्या लंगोटावर फेरिक क्लोराइडचा थेंब टाकून पाहण्याची सोपी रीत काढली. परंतु लघवींत तें आम्ल दिसूं लागावयास कांहीं आठवडे लागतात. तोंवर बाळंतीण मुलास घेऊन घरीं गेलेली असते. सर्व मुलें एकाच ठिकाणीं हाताशीं असतात ती वेळ एकच, प्रसूतिगृहांतील पहिल्या दोन-चार दिवसांची. परीक्षा करावयाची तर ती त्या दिवसांत करावयास हवी होती, आणि तिच्यासाठीं लघवीऐवजीं रक्त हवें होतें.

न्यूयॉर्क राज्यांतील बफेलो शहरीं रॉबर्ट गथ्री नांवाचे एक सूक्ष्मजंतुशास्त्रज्ञ होते. कर्करोगाच्या संशोधनांत त्यांचा काळ चालला होता. त्यांचा दुसरा मुलगा मतिमंद होता, त्याच्या दुखण्याचें कारण शेवटपर्यंत कळलें नाहीं. त्या निमित्तानें अशा मुलांच्या पालकांच्या मंडळींत त्यांचा वावर सुरू झाला. तेथेंच एका डॉक्टरानें त्यांस विचारलें कीं, पथ्यावर असलेल्या मुलांच्या रक्तांतील फेनिलॲलानिन मोजण्याची एखादी सोपी रीत निघेल काय? गथ्रींपाशीं तयारीचें हत्यार होतें. जिवाणूंच्या एका जातीची वाढ विशिष्ट द्रव्यानें रोखून धरावयाची आणि त्या थराच्या पृष्ठभागावर रक्तानें माखलेली कागदाची टिकली ठेवावयाची. रक्तांत फेनिलॲलानिन जास्त असेल तर त्या द्रव्याचा अटकाव निष्प्रभ होतो आणि टिकलीभोंवतीं रातोरात जिवाणूंचें पांढुरकें कडें उमटतें. कडें जितकें मोठें तितका तो घटक अधिक. शाळेच्या मुलासही वाचतां यावें इतकें तें सोपें.

या रीतीचें बीज तयार असतांनाच १९५८ सालीं गथ्री यांच्या पत्नीच्या बहिणीची मुलगी फेनिलकीटोन्यूरियाची रोगी असल्याचें कळलें. ती वर्षाची होऊन गेली होती. निदान उशिरां झालें तें झालेंच. तीन दिवसांची असतांना कोणी पाहिलें असतें तर? गथ्री यांनीं कर्करोगाचें काम सोडलें. नवजात अर्भकाच्या शिरेंतून रक्त काढणें अवघड, शिवाय नळींतून तें दूरच्या प्रयोगशाळेंत पाठविणें त्याहून अवघड. म्हणून त्यांनीं टांच टोंचून निघालेला थेंब जाड टीपकागदावर टिपण्याची युक्ति योजिली. वाळलेला थेंब नासत नाहीं, फुटत नाहीं, आणि साध्या लिफाफ्यांतून टपालानें जातो. सगळा शोध म्हटला तर या कागदांत आहे. जिवाणूंची ती परीक्षा पुढें मागें पडली; कागद अद्याप चालू आहे.

१९६१ सालीं न्यूयॉर्क राज्यांतील मतिमंदांच्या एका मोठ्या संस्थेंत या रीतीची कसोटी घेण्यांत आली, तेव्हां आधीं ठाऊक असलेले रोगी तर सांपडलेच, पण लघवीच्या परीक्षेंतून निसटलेले कांहीं जणही हातीं लागले. मग दोन वर्षांत अमेरिकेच्या २९ राज्यांतील चार लाखांहून अधिक अर्भकांची टांच टोंचण्यांत आली. ३९ मुलें रोगी निघालीं. दहा हजारांत एक, हा आंकडा तेव्हांपासून रूढ झाला. हीं ३९ मुलें पाळण्यांत असतांनाच पथ्यावर ठेवतां आलीं. त्यांच्या आधीं जन्मलेल्या मुलांस तें भाग्य लाभलें नव्हतें.

एवढ्यावर काम भागेल असें वाटलें होतें. पण येथून पुढें पैसा व कायदा यांची झटापट सुरू झाली. पांचशें मुलांच्या परीक्षेचें साहित्य गथ्री यांच्या मंडळींस सुमारें सहा डॉलरांत तयार करतां येई. तें बनविण्याचा एकाधिकार मिळूं पाहणाऱ्या एका व्यापारी कंपनीनें त्याची किंमत अडीचशें डॉलरांहून अधिक ठेवली. गथ्री स्वतः मानधन घेत नव्हते. सरकारी पैशानें झालेल्या कामाचा हा बाजार त्यांस रुचला नाहीं आणि त्यांनीं उघडपणें विरोध केला. अखेरीस एकाधिकार रद्द झाला व ती रीत सर्वांस मोकळी राहिली. तसें झालें नसतें तर गरीब राज्यांतील प्रसूतिगृहांनीं तिच्याकडे डोळेझांक केली असती, यांत संशय नाहीं.

मॅसॅच्युसेट्स राज्यानें १९६२ सालीं सर्व अर्भकांची परीक्षा सुरू केली व १९६३ सालीं तिचा कायदा केला. इतर राज्यांनीं तोच कित्ता गिरविला. मतिमंद मुलांचे पालक कायद्याच्या बाजूनें होते. पुष्कळ डॉक्टर विरुद्ध होते. विधिमंडळानें आम्हांस वैद्यक शिकवावें काय, हा त्यांचा सवाल. तो केवळ अहंकाराचा होता असें म्हणणें अन्यायाचें होईल. कांहीं मुलांच्या रक्तांत हा घटक थोडासाच वाढलेला असतो व त्यापासून अपाय होत नाहीं, हें त्या वेळीं कोणास ठाऊक नव्हतें. अशा मुलांसही कडक पथ्यावर ठेवण्यांत आलें, आणि वाढीस लागणारें प्रथिन न मिळाल्यानें त्यांतील कांहींची प्रकृति खालावली. अमेरिकेच्या राष्ट्रीय विज्ञान अकादमीच्या समितीनें १९७५ सालीं या घाईवर स्पष्टपणें बोट ठेवलें. परीक्षेंत संशय आला म्हणजे रोग ठरला असें नव्हे, दुसऱ्या परीक्षेनें तो पक्का करावा लागतो, हा नियम त्या मुलांच्या हालांतून शिकावा लागला.

गथ्री यांच्या कागदानें वांचविलेल्या मुली मोठ्या झाल्या, तेव्हां त्याहून करुण गोष्ट उघडकीस आली. त्या काळीं पांच-सहा वर्षांनंतर मेंदूस धोका नाहीं असें समजून पथ्य सोडण्यास सांगत. मुली शिकल्या, नोकरीस लागल्या, विवाह झाले. रक्तांतील घटक पुन्हा वाढलेला होता, पण त्यांस स्वतःस त्याचा फारसा जांच नव्हता. त्या गरोदर राहिल्या, आणि त्यांच्या पोटांतील मूल, ज्यास तो रोग मुळांत नव्हता, आईच्या रक्तांतील विषानेंच होरपळलें. १९८० सालीं लेंके व लेव्ही यांनीं अशा बाळंतपणांचा हिशेब मांडला. ज्या मातांच्या रक्तांत तो घटक फार वाढलेला होता त्यांच्या दहांपैकीं नऊ मुलांची बुद्धि खुंटलेली निघाली. एका पिढींत वांचविलेलें दुसऱ्या पिढींत गमावण्याची ही वेळ होती. त्यानंतर पथ्य जन्मभर पाळण्याचा आणि स्त्रियांनीं गर्भधारणेच्या आधींपासून तें विशेष कडक ठेवण्याचा सल्ला देण्यांत येऊं लागला. पथ्य पाळणाऱ्या मातांस निरोगी मुलें होतात, हेंही सिद्ध झालें.

आईचें व मुलाचें रक्त एकत्र पाहावें लागतें असा आणखी एक प्रसंग प्रसूतिगृहांत रोज येतो. आईचा रक्तगट ऱ्हीसस ऋण असेल तर जन्मल्याबरोबर नाळेंतील रक्तावरून मुलाचा गट पाहतात. तो धन निघाला तर आईस ७२ तासांच्या आंत एक टोंचणी देतात. १९६८ सालापासून ही रीत प्रचारांत आली, आणि पहिलें मूल सुखरूप व पुढचीं मात्र काविळीनें जाणारीं, असे जे कित्येक संसार पूर्वीं उजाड होत, ते वांचले.

टीपकागदावरील थेंबांत अजून पुष्कळ रक्त शिल्लक होतें. १९७४ च्या सुमारास कॅनडांतील क्वेबेक प्रांतांत जाँ द्युसो यांनीं त्याच वाळलेल्या थेंबावरून गलग्रंथीचा स्राव कमी आहे कीं काय हें ओळखून दाखविलें. उपयुक्ततेच्या दृष्टीनें पाहिलें तर हें पाऊल गथ्री यांच्या पावलाहूनही मोठें. हा दोष पाश्चात्य देशांत तीन-चार हजार मुलांत एकास असतो, हिंदुस्थानांत त्याहून अधिक. मूल जन्मतः चांगलें दिसतें, आणि दोन आठवड्यांच्या आंत थायरॉक्सिनची स्वस्तांतली गोळी सुरू केली तर तें इतर मुलांसारखेंच वाढतें. उशीर झाला तर जन्मभराचें मांद्य. १९८६ सालीं सिकलसेल रोगाच्या बाबतींतही असेंच सिद्ध झालें: रोग जन्मतः ओळखून लहान मुलांस पेनिसिलिन दिल्यास जीव घेणारे जंतुसंसर्ग पुष्कळसे टळतात. पुढें वस्तुमान मोजणाऱ्या यंत्रांनीं एकाच टिकलीवरून कित्येक रोग एकदम पाहण्याची सोय केली. गथ्री १९९५ सालीं वारले.

हिंदुस्थानांत या सर्वांस उशीर झाला, त्याचें मुख्य कारण उघड आहे. जेथें मूल घरींच जन्मतें तेथें टांच टोंचणार कोण? अमेरिकेंत वैद्यकाची पदवी घेणाऱ्या आनंदीबाई जोशी यांचें मूल अवघें दहा दिवस जगलें होतें. त्या दुःखानें त्यांस वैद्यकाकडे वळविलें, आणि १८८६ सालीं पदवीसाठीं त्यांनीं लिहिलेला प्रबंधही प्रसूतिशास्त्रावरच होता. त्यानंतर सव्वाशें वर्षें होत आलीं तरी, २००५-०६ च्या राष्ट्रीय पाहणीप्रमाणें, देशांतील शंभर बाळंतपणांपैकीं फक्त ३९ रुग्णालयांत होत होतीं. २०१९-२१ च्या पाहणींत हा आंकडा ८९ वर गेला. एवढा पालट दुसऱ्या कोणत्या बाबतींत इतक्या थोड्या काळांत झाला असेल, तर तें सांगणें कठीण आहे.

आरंभ मात्र तुरळक झाले होते. १९८० नंतरच्या दशकांत बंगळूरच्या शास्त्रज्ञांनीं एक लाखाहून अधिक अर्भकांचें रक्त तपासून पाहिलें. गोवा सरकारनें २००८ सालीं आपल्या राज्यांत जन्मणाऱ्या मुलांसाठीं टांचेच्या रक्ताची परीक्षा सुरू केली. राज्य लहान, बाळंतपणें जवळजवळ सर्व रुग्णालयांत, म्हणून तेथें तें साधलें. महाराष्ट्रांत फेब्रुवारी २०१३ मध्यें पालघर येथें राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचा आरंभ झाला. त्याप्रमाणें सरकारी प्रसूतिगृहांत जन्मलेल्या प्रत्येक मुलास नखशिखांत पाहावयाचें: ओठ वा टाळू दुभंगलेली नाहीं ना, पाऊल वांकडें नाहीं ना, कमरेचा सांधा निखळलेला नाहीं ना, डोळ्यांत मोतीबिंदु नाहीं ना. घरीं जन्मलेल्या मुलास आशा सेविकेनें घरीं जाऊन पाहावयाचें. ही डोळ्यांची परीक्षा झाली. रक्ताच्या थेंबाची परीक्षा सर्वत्र अजून पोंचलेली नाहीं. विदर्भ व खानदेशांतील आदिवासी भागांत, जेथें सिकलसेल घरोघर आहे, तेथें तिची गरज सर्वांत निकडीची.

आणखी एक अडचण वेळेची आहे. जन्मल्यावर चोवीस तासांच्या आंत थेंब घेतला तर मुलाच्या पोटांत दूध पुरेसें गेलेलें नसतें, आणि गलग्रंथीचे आंकडेही जन्माच्या धक्क्यानें चढलेले असतात. परीक्षा फसण्याचा संभव राहतो. २०११ च्या जननी-शिशु सुरक्षा कार्यक्रमांत साध्या बाळंतपणानंतर तीन दिवसांपर्यंत फुकट जेवणाची सोय केलेली आहे, आणि बाळंतिणीचा रक्तस्राव, ताप व रक्तदाब पाहण्यासाठींही तो काळ रुग्णालयांतच जावा असा हेतु आहे. परंतु खाटा अपुऱ्या असतात, घरीं दुसरें लेंकरूं वाट पाहत असतें, आणि कित्येक बाया दुसऱ्याच दिवशीं उठून जातात. अशा मुलाचा थेंब पुन्हा घ्यावा लागतो, आणि त्यासाठीं तें मूल सांपडावें लागतें. पहिलटकरीण बहुधा माहेरीं आलेली असते. कागदावर पत्ता लिहिला जातो तो पुष्कळदां सासरचा. ती मात्र पुढील दोन-तीन महिने माहेरींच असते.